महोत्सव बंद करू नका, लहान करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सहा वर्षांपासून माघ महिन्यात तीन दिवसांचा वस्त्रकला महोत्सव भरतो. पैठणी विणणारे, गोधड्या शिवणाऱ्या बायका, तांड्यावरून येणाऱ्या बंजारा भरतकामाच्या कारागीर, दोन-तीन खादीवाले असे मिळून पंचवीसेक स्टॉल असतात. खर्च साडेसहा-सात लाखांच्या घरात जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा गावातली एक पतसंस्था उचलत होती. यंदा तिने नाही म्हटलं. महोत्सवाला पाच महिने उरलेत, हातात पंच्याऐंशी हजार रुपये आहेत. यंदाचं वर्ष सोडून द्यावं का, सीएसआरसाठी (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चासाठी) कंपन्यांकडे जावं का, आणि प्रवेशाला तिकीट लावावं का, असं तिथल्या आयोजकांनी विचारलंय.

वर्ष सोडू नका. तीन दिवसांचे दोन करा, पंचवीस स्टॉलचे पंधरा करा, पण तारीख मोडू नका. एकदा खंड पडला की विणकर त्याच तारखांना दुसऱ्या गावचं प्रदर्शन धरतात, मंगल कार्यालय लग्नाला जातं, आणि दर माघात सुनेला घेऊन येणारी बाई दुसरीकडून साडी घेऊन मोकळी होते. ही माणसं परत जमवायला दोन-तीन वर्षं लागतात. लहान झालेला महोत्सव पुढच्या वर्षी मोठा करता येतो.

मी बावीस वर्षं विदर्भात, कोसा (टसर रेशीम) आणि करवतकाठी साड्यांच्या पट्ट्यात, अशाच एका महोत्सवाचं निधीचं काम बघते. तुमच्यावर आलेली वेळ आमच्यावर नवव्या वर्षी आली होती. मुख्य प्रायोजकाचा फोन आला तेव्हा सव्वीस दिवस उरले होते. पत्रकं छापून झाली होती आणि त्यांवर त्याचं नाव सर्वांत वर होतं. आम्ही महोत्सव केला, पण पैसे पुरले नाहीत. मंडपवाला दारात उभा होता म्हणून त्याला आधी दिले. विणकर आपापल्या गावी गेले होते, म्हणून त्यांचं मानधन चार महिने थकलं. ते पोचवायला मी एका वयस्कर विणकरांच्या घरी गेले. त्यांनी तक्रार केली नाही. आमच्या भरवशावर उधारीने घेतलेल्या कोशाचं व्याज किती झालं, तेवढं सांगितलं. तो आकडा मला आजही पाठ आहे.

तेव्हापासून एक नियम आम्ही मोडलेला नाही. कारागिरांचं मानधन, प्रवास आणि जेवणखाण यांचा पूर्ण पैसा बँकेत जमा झाल्याशिवाय पत्रक छापायला जात नाही. त्यासाठी वेगळं खातं आहे आणि त्यातून मंडपाचा एक रुपयाही जात नाही. तुम्हीही सुरुवात इथून करा. बाकी सगळं कमी-जास्त करता येतं, हे करता येत नाही.

आता आकडे. दोन दिवस आणि पंधरा स्टॉलच्या महोत्सवाचं अंदाजपत्रक मी चार लाखांचं धरलंय; तुमच्या गावच्या दरांप्रमाणे ते बदला. कारागिरांसाठी दीड लाख. मंडपाऐवजी मंगल कार्यालय किंवा शाळेचं सभागृह घेतलंत तर भाडं, वीज, ध्वनिक्षेपक मिळून ऐंशी हजार. दोन हातमाग सुटे करून आणणं, उभारणं आणि परत पोचवणं यासाठी तीस हजार. यात काटकसर करू नका, कारण लोक थांबतात ते चालत्या मागासमोर. कार्यशाळांचं साहित्य आणि शिलाई पन्नास हजार (शिलाई कशाची ते पुढे येईल). छपाई, फलक, छायाचित्रं तीस हजार. परवाने, सफाई, रात्रीची राखण वीस हजार. हिशेब तपासणी, टपाल, फोन पंधरा हजार. आणि पंचवीस हजार राखीव. राखीव रक्कम नसलेलं अंदाजपत्रक घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका. अनुभवी देणगीदार आधी तीच ओळ शोधतो.

उत्पन्नाच्या बाजूला हातचे पंच्याऐंशी हजार पूर्ण धरू नका. पन्नास धरा, पस्तीस पुढच्या वर्षासाठी ठेवा. एक लाख दोनशे घरांकडून पाचशे-पाचशे रुपयांनी. एक लाख बाजारपेठेतून. चाळीस हजार कार्यशाळांच्या शुल्कातून: चार कार्यशाळा, प्रत्येकी वीस माणसं, माणशी पाचशे. पंधरा हजार स्टॉलचे. पंचेचाळीस हजार स्मरणार्थ देणग्यांचे. आणि पन्नास हजार एका मोठ्या देणगीदाराचे. कुठलाही एक झरा चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची आपली वेगळी कांडी (धाग्याची गुंडाळी) असते. मोराच्या गळ्याचा निळा संपला तर तेवढी कांडी बदलतात, पदर फाटत नाही. तुमचा सगळा पदर एकाच कांडीवर विणलेला होता.

दोनशे घरांबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण महोत्सव टिकतो तो या पैशावर आणि मंडळं सर्वांत जास्त टाळाटाळ करतात ती याच कामाची. मोठ्या देणगीदाराला एक पत्र, एक भेट पुरते. दोनशे घरं म्हणजे दोनशे वेळा बेल वाजवायची. पण आपल्याकडे याची रीत जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि १९०८ साली तळेगावला त्यातून काचेचा कारखाना सुरू झाला. लाखो लोकांनी पैसा-पैसा दिला म्हणजे लाखो लोकांना तो कारखाना आपला वाटला. तुम्हाला पाचशे रुपयांबरोबर हेच हवं आहे.

आम्ही ते असं करतो. दर घराकडून पाचशे रुपये आणि घरातल्या जुन्या साडीचा किंवा धोतराचा वीतभर तुकडा घेतो. त्या सगळ्या तुकड्यांची एक मोठी गोधडी शिवली जाते, प्रत्येक तुकड्यावर धाग्याने त्या घराचं नाव भरलं जातं, आणि महोत्सवात ती दारातच टांगली जाते. शिवणाऱ्या बायकांना तुकड्यामागे दीडशे रुपये मिळतात. दोनशे तुकड्यांचे तीस हजार झाले. वरच्या पन्नास हजारांतली शिलाई ती हीच. उरलेले वीस हजार कार्यशाळांच्या साहित्याला. म्हणजे देणगीचा एक भाग सरळ कारागिराच्या हातात जातो आणि देणाऱ्याला तो डोळ्यांनी दिसतो. लोक आपला तुकडा शोधायला येतात, येताना पाहुण्यांना आणतात, तिथेच उभं राहून "ही माझ्या आईच्या लुगड्याची किनार" असं सांगतात. पुढच्या वर्षी त्या घरी बेल वाजवायला अवघड वाटत नाही.

बेल कुणी वाजवायची, हेही ठरवा. समितीतल्या दहा जणांनी आपापल्या गल्लीतली वीस-वीस घरं घ्यावीत, दोघांनी मिळून जावं, पावती पुस्तक बरोबर न्यावं आणि पावती तिथेच फाडावी. "नंतर पाठवतो" म्हटलेली पावती सहसा जात नाही, आणि तेवढ्याने माणूस दुरावतो. पुढच्या वर्षी त्याच घरी तोच माणूस गेला पाहिजे. ऑनलाइन निधी गोळा करणारी संकेतस्थळं आम्ही दोनदा वापरून पाहिली. जवळजवळ सगळे पैसे आमच्या ओळखीच्याच माणसांनी दिले आणि त्यातून संकेतस्थळाचे पैसे कापले गेले. ओळखीच्या माणसाला क्यूआर कोड पाठवा, पावती द्या, काम झालं.

स्मरणार्थ देणगीचं मोल बाहेरच्या सल्लागारांना कळत नाही, आपल्याला कळतं. आपल्याकडे आईवडिलांच्या नावाने शाळेला पंखा, वाचनालयाला कपाट, व्याख्यानमालेत एक पुष्प देण्याची रीत आहे. तशीच मागणी करा. "महोत्सवाला मदत करा" असं म्हणू नका. "तुमच्या आईच्या स्मरणार्थ एका विणकराच्या दोन दिवसांच्या प्रात्यक्षिकाचा खर्च उचलाल का? नऊ हजार रुपये लागतात," असं म्हणा. पाच घरांनी हो म्हटलं की पंचेचाळीस हजार झाले. त्या मागाशेजारी छोटा फलक लावा, देणाऱ्या कुटुंबाला त्या विणकराशी भेटवा, मागावर बसवून दोन धोटे टाकू द्या.

यातलीच पुढची पायरी म्हणजे कायम ठेव. कुणी लाख-दीड लाख देऊन "याच्या व्याजातून दर वर्षी एक प्रात्यक्षिक करा" म्हणालं, तर सहा-सात टक्के व्याजाने लाखामागे वर्षाला सहा-सात हजार येतात, म्हणजे एका प्रात्यक्षिकाचा बहुतेक खर्च निघतो. आमच्याकडे अशा सात ठेवी आहेत आणि कोविडच्या दोन वर्षांत त्यांनीच आम्हाला तारलं. ठेव स्वीकारताना "ही रक्कम मूळ निधीत ठेवावी" असं देणगीदाराचं लेखी पत्र घ्या. ती रक्कम वेगळी ठेवावी लागते, कुठे गुंतवायची याला आयकर आणि विश्वस्त कायद्याची चौकट आहे, आणि अडचणीच्या वर्षी मोडायची नसते. मोडण्याचा मोह होणार असेल तर ठेव घेऊच नका.

आता बाजारपेठ. तालुक्याच्या गावातला व्यापारी जाहिरात म्हणून पैसे देतो असं आपण धरून चालतो आणि स्मरणिकेतलं अर्धं पान त्याच्या पुढे करतो. मी स्मरणिका काढणं अकरा वर्षांपूर्वी थांबवलं. छपाईत निम्मे पैसे जातात, जाहिरातीची वसुली एप्रिलपर्यंत रखडते, आणि अंक गठ्ठ्याने पडून राहतात. त्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या धंद्याशी जुळणारी एक वस्तू द्यायला सांगा. शिवणयंत्रांच्या दुकानदाराने कार्यशाळेसाठी यंत्रं द्यावीत आणि पाच हजार द्यावेत. खानावळवाल्याने कारागिरांचं एका वेळचं जेवण द्यावं. विजेच्या दुकानाने दिवे. डॉक्टरांनी विणकरांची डोळे-पाठीची तपासणी ठेवावी. मागावर जन्म गेलेल्या माणसांना तिची फार गरज असते. वस्तुरूपाने आलेलं सगळं बाजारभावाने वहीत लिहा, म्हणजे पुढच्या अर्जात तुमचा खरा पाठिंबा दिसतो. असे तीस-चाळीस दुकानदार झाले की लाखाचा आकडा गाठता येतो, आणि त्यातले दोन गळले तरी मंडप कोसळत नाही.

इथे एक मोह येतो आणि तुमच्याकडे पैठणी असल्यामुळे तो हमखास येईल. यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' विकणारा एखादा मोठा दुकानदार सांगेल की तीन लाख देतो, प्रवेशद्वारावर माझं नाव लावा आणि आत मला मोठा स्टॉल द्या. नाही म्हणा. यंत्रमागाच्या साडीला माझा विरोध नाही. ज्या बाईच्या हातात चार हजार आहेत तिने ती हौसेने नेसावी. पण हातमागाच्या पैठणीला महिना ते वर्षसुद्धा लागतं, आणि शेजारच्या स्टॉलवर तसाच मोर दहाव्या हिश्श्याच्या किमतीत टांगलेला असेल तर विणकराला दिवसभर "मग तुमची एवढी महाग कशी?" याचंच उत्तर देत बसावं लागतं. लोकांचा आपल्यावरचा विश्वास एवढाच आहे की इथे मिळतं ते हाताचं असतं. तो गेला की दोनशे घरंही जातात.

त्याच विश्वासातून पैसा मात्र उभा करता येतो. 'उलट बाजू बघा' असं एक टेबल मांडा. हाताने विणलेल्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवलेला असतो. यंत्रावरच्या पदराच्या मागे धागे मोकळे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. दोन्ही तुकडे आणि एक भिंग ठेवा, समजावायला एक जाणकार बसवा. हातमागाचं आणि सिल्कचं अधिकृत चिन्ह कसं तपासायचं तेही सांगा. येवला आणि पैठणच्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, हे लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या अनेकांना माहीतच नसतं. असं टेबल एखादी बँक किंवा ग्राहक संघटना आनंदाने पुरस्कृत करते. आमच्याकडे तिथली रांग कधी संपत नाही.

स्टॉलचं भाडं कमी ठेवा. पंधरा स्टॉलचे हजार-हजार मी धरले आहेत, ते केवळ जागा पक्की राहावी म्हणून. गोधडी आणि भरतकामवाल्या बायकांना तेही माफ करा. विक्रीवर टक्केवारी घेण्याचा विचार समितीत दर दोन वर्षांनी कुणीतरी मांडतो. मी विरोध करते. टक्केवारी लावली की विक्री लपवली जाते, आणि मग एकूण किती विक्री झाली हा खरा आकडा तुम्हाला कधीच मिळत नाही. तो आकडा अर्जात लाखमोलाचा असतो: दोन दिवसांत इतक्या कारागिरांच्या हातात इतके रुपये थेट गेले. रोज संध्याकाळी प्रत्येक स्टॉलवरून कागदावर घ्या आणि तो कुणालाही कारागीरनिहाय दाखवणार नाही असं आधी सांगा.

सीएसआरकडे या वर्षाचा आधार म्हणून बघू नका. पाच महिन्यांत ते पैसे येण्याची शक्यता कमीच. पण तयारी आजच सुरू करा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल एक हजार कोटी किंवा नक्त मूल्य (नेट वर्थ) पाचशे कोटी यांपैकी एक तरी मर्यादा गाठतं, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. पाच कोटी नफ्याची कंपनी जवळच्या एमआयडीसीतही सापडते, मुंबईला जावं लागत नाही, आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं कायदाच सांगतो. पारंपरिक कला आणि हस्तकलांचं संवर्धन त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या संस्थेकडे मात्र आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ अर्जातून मिळणारा क्रमांक हवा. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरही नोंद करून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून कागद करताना सीएला नवे क्रमांक विचारून घ्या. लोक अजून 'ऐंशी-जी'च म्हणतात, तसंच मीही इथे म्हणते आहे.

सीएसआरबाबत सर्वांत जास्त होणारी चूक सांगते. कंपनीला एकाच पत्रात सीएसआर मागतात आणि बदल्यात मोठा फलकही देऊ करतात. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर म्हणून धरता येत नाही, असं नियमातच आहे. जाहिरात हवी असेल तर तो पैसा कंपनीच्या विपणन विभागातून येतो, त्याचं बिल वेगळं, जीएसटीचा विचार वेगळा. दोन्ही एकत्र केलेलं पत्र वाचणारा अधिकारी ते बाजूला ठेवतो. सीएसआरमध्ये 'महोत्सव' मागूच नका. वीस मुलींचं सहा महिन्यांचं हातमाग प्रशिक्षण मागा आणि त्याचा समारोप महोत्सवात करा.

सरकारी पैशांबाबत माझं मत सरळ आहे: खात्यात येईपर्यंत तो शून्य धरायचा. अर्ज मात्र दर वर्षी करायचा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेतून सांस्कृतिक कार्यक्रमांना अनुदान मिळतं. नाबार्ड ग्रामीण कारागिरांच्या प्रदर्शनांना मदत करते. त्यासाठी तुमच्या जिल्ह्याच्या नाबार्ड व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटा. रक्कम सहसा हप्त्यांनी येते आणि शेवटचा हप्ता खर्चाचा हिशेब आणि विनियोग प्रमाणपत्र दिल्यावरच सुटतो, म्हणजे तेवढा खर्च तुम्हाला आधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो. लहान संस्था इथेच कर्जात जातात.

पैशापेक्षा सरकारी संस्थांकडून माणसं आणि जागा मिळवणं सोपं असतं. विणकर सेवा केंद्राची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. नैसर्गिक रंगांचं प्रात्यक्षिक द्यायला तिथले तंत्रज्ञ येऊ शकतात. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राला लोककलाकार पाठवण्याची विनंती करा. नगरपरिषदेकडे देणगीऐवजी मैदानाचं भाडं, पाणी आणि सफाई माफ करण्याचा ठराव मागा, आणि त्यांचं अंदाजपत्रक तयार होण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच मागा. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन आहे. १९०५ साली त्याच तारखेला कोलकात्यात स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून तो पाळतात. त्या दिवशी अधिकाऱ्यांना बोलावून शाळेत छोटा कार्यक्रम करा, ओळखी तिथे होतात. महोत्सव मात्र लग्नसराईच्या तोंडावर, माघातच राहू द्या. पावसात साड्या कुणी उलगडत नाही.

तुमची संस्था नोंदणीकृत न्यास आहे की नुसती समिती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नुसती समिती असेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच. देणगीदारांना ८०जीचं सांगताना खरं सांगा: दोन हजारांच्या वर रोख दिली तर सवलत नाही, वस्तुरूप देणगीला नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ती मिळतच नाही. ती मिळते असं सांगून घेतलेली देणगी पुढच्या वर्षी येत नाही. दानपेटी ठेवलीत तर शेजारी वही ठेवून नाव-पत्ता लिहून घ्या, कारण निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे करपात्र ठरतात.

परदेशातल्या गाववाल्यांकडे जाण्याआधी थांबा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी होते आणि विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, मग तो तुमचा सख्खा चुलतभाऊ का असेना. त्यांना सांगा, देणगी नको, विणकराकडून थेट साडी विकत घ्या. लंडनच्या किंवा अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळातल्या दहा जणींनी आगाऊ ऑर्डर दिली तर एका विणकर कुटुंबाचं वर्ष निघतं.

आता त्या पतसंस्थेकडे परत जा. रागावून नाही. त्यांना देणगी नफ्यातून द्यावी लागते आणि सभासदांना उत्तर द्यावं लागतं. ज्या वर्षी कर्जवसुली अडते त्या वर्षी साडेतीन लाख देणं कुठल्याच संचालक मंडळाला झेपत नाही. सहा वर्षांबद्दल आभाराचं पत्र द्या, मागच्या वर्षीचा हिशेब जोडा आणि पन्नास हजार मागा, तेही ठरावीक कामासाठी. वरच्या अंदाजपत्रकातला मोठा देणगीदार म्हणून मी त्यांनाच धरलंय. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात, म्हणजे तुमच्या हातात थोडेच आठवडे आहेत. पत्र असं लिहा:

"आदरणीय अध्यक्ष महोदय, गेली सहा वर्षं आपल्या संस्थेच्या आधाराने महोत्सव उभा राहिला. यंदा आम्ही तो दोन दिवसांचा करत आहोत आणि खर्च चार लाखांवर आणला आहे. दोनशे घरं, बाजारपेठ आणि कार्यशाळा यांतून मोठा भाग उभा करण्याचं काम सुरू आहे. कारागिरांच्या मानधन, प्रवास आणि भोजनाच्या दीड लाखांपैकी पन्नास हजार रुपये आपल्या संस्थेने द्यावेत, ही विनंती. ही रक्कम वेगळ्या खात्यात राहील आणि महोत्सवानंतर पंधरा दिवसांत कारागिरांच्या सह्यांसह हिशेब आपल्याकडे पोचेल."

आणि तो पंधरा दिवसांत खरंच पोचवा. आमच्याकडे महोत्सव संपल्यावर दुसऱ्या रविवारी हिशेब मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून वाचनालयाच्या दारात लावतात. मंडपाचे किती, विणकरांचे किती, उरले किती, सगळं. तूट आली त्या वर्षीही लावला होता. तो वाचून एका निवृत्त शिक्षिकेने तुटीतले अकरा हजार आणून दिले. आधी कधी त्या महोत्सवाला आल्याही नव्हत्या.

राहिला तिकिटाचा प्रश्न. प्रवेश मोफत ठेवा. शेतावरून येणारी बाई दारात वीस रुपये मोजताना घुटमळते आणि परत फिरते, आणि तिच्याच घरातली गोधडी तुमच्या पुढच्या वर्षीच्या स्टॉलवर यायची असते. पैसे कार्यशाळेचे घ्या, पुरेपूर घ्या. पाचशे रुपयांत दिवसभर मागावर बसायला मिळालं तर शहरातून आलेल्यांना ते कमीच वाटतात. वीसपैकी चार जागा मात्र गावातल्या शाळेच्या मुलींसाठी राखून ठेवा. त्या चार जागांचे दोन हजार कोण देणार, हे विचारायला एखाद्या माहेरवाशिणीला फोन करा.